प्रोटॉनचा नेम आणि हलणारी गाठ

कर्करोगावरील प्रोटॉन उपचारांविषयी मराठीत आता बरेच लिहिले जाते. जानेवारी २०१९ मध्ये चेन्नई येथे अपोलो समूहाचे प्रोटॉन केंद्र सुरू झाले. पुढे २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेच्या आवारात, सरकारी खर्चाने उभारलेले देशातील पहिले प्रोटॉन केंद्र कामाला लागले. यंत्र आपल्याच राज्यात आल्यामुळे त्याची ओळख करून देणारे लेख, व्याख्याने आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्ते वाढले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु या लेखनाचा साचा जवळजवळ एकच असतो, आणि त्या साच्याविषयी आमची तक्रार आहे.

साचा असा. प्रथम एक आलेख काढला जातो. आडव्या अक्षावर शरीरातील खोली आणि उभ्या अक्षावर तेथे पोहोचणारी प्रारणाची मात्रा. क्ष-किरणांची रेघ कातडीच्या थोडे आत चढते आणि मग हळूहळू उतरत शरीराच्या पलीकडे निघून जाते. प्रोटॉनची रेघ सुरुवातीला खाली राहते, गाठीपाशी एकदम शिखर गाठते आणि लगेच शून्यावर येते. मग वाक्य येते, की प्रोटॉन गाठीतच थांबतो, निरोगी पेशींना धक्का लागत नाही. शेवटी अर्जुनाची उपमा येते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो.

यातील आलेख खरा आहे. वाक्य अर्धे खरे आहे. उपमा मात्र भलत्याच प्रसंगातून घेतलेली आहे. द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला पक्षी कृत्रिम होता, तो हलत नव्हता. माणसाच्या फुप्फुसातील गाठ हलते. तिच्यासाठी महाभारतातील दुसरा प्रसंग घ्यावा लागेल, द्रौपदीच्या स्वयंवरातला. मासा वर फिरतो आहे आणि अर्जुनाला खाली पाण्यातील प्रतिबिंब पाहून बाण सोडायचा आहे. फुप्फुस, यकृत किंवा स्वादुपिंड यांतील गाठींवर प्रोटॉन सोडणाऱ्याची अवस्था पुष्कळशी अशी असते. नेमकी हीच गोष्ट लोकप्रिय लेखनातून गळते. ती गळल्याने काय बिघडते, हे या लेखात पाहू.

आलेखात खरे काय आहे

प्रथम आलेखाला त्याचे श्रेय देऊ. विद्युत्भारित कण पदार्थातून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉनांना धक्के देत आपली ऊर्जा खर्च करतो. कण वेगात असेल तर प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या शेजारून तो क्षणार्धात निघून जातो आणि थोडीच ऊर्जा देतो. वेग मंदावला की शेजारी घालवलेला वेळ वाढतो आणि दर मिलिमीटरला खर्च होणारी ऊर्जाही वाढते. त्यामुळे थांबण्याच्या अगदी आधी खर्च सर्वांत जास्त होतो. विल्यम हेन्री ब्रॅग यांना विसाव्या शतकाच्या आरंभी अल्फा कणांवर प्रयोग करताना हे आढळले, म्हणून त्या शिखराला ब्रॅग शिखर म्हणतात. त्याचा उपयोग कर्करोगावर करता येईल, हे रॉबर्ट विल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ साली एका लेखात मांडले. १९५४ मध्ये बर्कली येथे पहिल्यांदा माणसावर प्रोटॉन वापरले गेले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे रुग्णालयाच्याच आवारात बांधलेले पहिले प्रोटॉन केंद्र सुरू झाले.

प्रोटॉन किती खोल जाईल हे त्याच्या ऊर्जेवर अवलंबून असते. ७० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, १०० चा पावणेआठ सेंटिमीटर, १५० चा सुमारे १६ आणि २३० चा सुमारे ३३ सेंटिमीटर. शरीराचा बहुतेक भाग पाण्याच्या जवळपास घनतेचा असल्याने ऊर्जा निवडली की खोली निवडली, असे ढोबळमानाने म्हणता येते. क्ष-किरणांना अशी सोय नाही. त्यांची संख्या वाटेत घटत जाते, पण अमुक ठिकाणी थांबा असे त्यांना सांगता येत नाही.

येथपर्यंत सारे बरोबर आहे. तरीही नेहमीच्या आकृतीत एक लहानशी लबाडी असते. ती एकाच ऊर्जेच्या प्रोटॉनांची असते. एका ऊर्जेचे शिखर काही मिलिमीटरच रुंद असते आणि गाठ तर कित्येक सेंटिमीटरांची असू शकते. म्हणून वेगवेगळ्या ऊर्जांची शिखरे एकापुढे एक रचून गाठीची पूर्ण जाडी भरावी लागते. प्रत्येक शिखरामागे त्याची शेपूट असते, आणि त्या शेपटांची बेरीज कातडीपासून गाठीपर्यंतच्या निरोगी भागातच होते. त्यामुळे प्रत्यक्ष उपचारात प्रवेशाच्या बाजूची मात्रा आकृतीत दिसते तितकी कमी राहत नाही. कातडीला तर ती आजच्या क्ष-किरण यंत्रांपेक्षा जास्तही मिळू शकते. खरा लाभ गाठीच्या पलीकडच्या बाजूला असतो, कारण तेथे मात्रा जवळजवळ शून्य होते. तेव्हा 'धक्का लागत नाही' हे वाक्य गाठ स्थिर असतानाही जरा जपूनच लिहायला हवे.

डोळ्याच्या आतील गाठ, कवटीच्या तळाशी असलेली गाठ, लहान मुलाच्या मेंदूतील गाठ, या ठिकाणी आकृती आणि वास्तव पुष्कळ जवळ येतात. डोके मुखवट्याने स्थिर करता येते. गाठीच्या पलीकडे दृष्टीची चेता किंवा मेंदूचा देठ असतो आणि तो वाचवणे मोलाचे असते. वाढत्या वयाच्या मुलात निरोगी भागाला मिळणारी थोडी मात्रासुद्धा पुढील आयुष्यात महाग पडू शकते. प्रोटॉनची कीर्ती झाली ती मुख्यतः अशा जागी. लेखक ती कीर्ती उचलतात आणि सगळ्या शरीराला लावतात. आमचा आक्षेप येथे सुरू होतो.

वेळेचा अक्ष कोठे गेला?

त्या आलेखाला दोन अक्ष आहेत, खोली आणि मात्रा. तिसरा अक्ष, म्हणजे वेळ, त्यात नाही. प्रौढ माणूस स्वस्थ पडला असता मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो, म्हणजे चार-पाच सेकंदांना एक. प्रत्येक श्वासाबरोबर श्वासपटल खाली-वर होते आणि त्याच्याबरोबर यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडे आणि फुप्फुसाचा खालचा भाग सरकतो. फुप्फुसाच्या शेंड्याजवळची गाठ फारशी हलत नाही. तळाजवळची गाठ मात्र एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक हलते. एका दिशेने प्रोटॉनचा मारा पुरा व्हायला मिनिटभर लागतो असे धरले, तर तेवढ्यात गाठ डझनभर फेऱ्या मारून येते.

यातून तीन वेगवेगळे घोटाळे उद्भवतात. ते वेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पहिला घोटाळा सर्वांना सुचतो तो. गाठ झोताच्या वाटेतून बाजूला सरकते, तिची एक कड सुटते आणि निरोगी भाग वाटेत येतो. हे क्ष-किरणांच्या बाबतीतही होते.

दुसरा घोटाळा खास प्रोटॉनचा आहे. तो खोलीचा. फुप्फुसात हवा भरलेली असल्याने त्याची घनता पाण्याच्या सुमारे चतुर्थांश असते. आता एक साधे गणित करू. झोताच्या वाटेवर गाठीची शेवटची १ सेंटिमीटर जाडी पार करून प्रोटॉनने थांबावे, असा हिशेब केला आहे. श्वासाबरोबर गाठ तेथून सरकली आणि त्या जागी फुप्फुस आले. प्रोटॉनपाशी १ सेंटिमीटर ऊतीत खर्च होण्याइतकी ऊर्जा शिल्लक आहे. चतुर्थांश घनतेच्या पदार्थात ती किती अंतर पुरेल? ४ सेंटिमीटर. म्हणजे जे शिखर गाठीच्या कडेला बसायचे, ते ४ सेंटिमीटर आत, कदाचित हृदयाच्या भिंतीपाशी जाऊन बसेल. उलटही होते. श्वासाबरोबर बरगडी किंवा यकृताचा घुमट वाटेत आला, तर प्रोटॉन अलीकडेच थांबतो आणि गाठीचा पलीकडचा भाग उपाशी राहतो. क्ष-किरणांच्या वाटेत असाच बदल झाला तर मात्रा थोडी कमी-जास्त होते, इतकेच. त्यांची रेघ मुळात मंद उताराची असल्याने चूकही मंद उताराची होते. प्रोटॉनच्या कड्याजवळ चूक म्हणजे सर्व किंवा काहीच नाही. ज्या तीक्ष्णपणाची स्तुती करून लेख संपतात, तोच तीक्ष्णपणा हलत्या गाठीपाशी जोखीम होतो. वस्तरा चालवणाऱ्याला हात स्थिर ठेवावा लागतो आणि समोरच्याला गालही.

तिसरा घोटाळा समजायला जरा अवघड आहे, पण आमच्या भागातील विद्यार्थ्यांना शेतातले उदाहरण देऊन सांगता येतो. आजच्या यंत्रांत प्रोटॉनचा बारीक झोत चुंबकांच्या साह्याने गाठीवर टिंब टिंब करून फिरवतात. एक थर भरला की ऊर्जा बदलून पुढचा थर. हे काम तिफणीने पेरणी करण्यासारखे आहे. तासामागून तास सरळ पडत गेले की शेत सारखे पेरले जाते. आता अशी कल्पना करा की पेरणी चालू असताना जमीनच पुढे-मागे सरकते आहे. तिफण ठरल्या चालीने चालली आहे, पण काही ठिकाणी एकाच तासावर दोनदा बी पडते आणि काही ठिकाणी पट्टेच्या पट्टे पडीत राहतात. एकूण बियाणे हिशेबाप्रमाणेच संपते. पोत्याकडे पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते, उगवण झाली की खरे काय ते कळते. गाठीतही असेच होते. एकूण मात्रा बरोबर, पण कोठे दुप्पट आणि कोठे अपुरी. अपुऱ्या पट्ट्यातील कर्कपेशी जगल्या तर गाठ पुन्हा वाढू शकते. झोताची हालचाल आणि गाठीची हालचाल यांच्या या गुंत्याचा धोका १९९२ सालीच शास्त्रीय नियतकालिकात मांडला गेला होता. टिंबांनी भरण्याची पद्धत रुग्णांवर वापरायला स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेने १९९६ मध्ये सुरुवात केली. म्हणजे इशारा उपचारापेक्षा जुना आहे. लोकप्रिय लेखनापर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

उपाय आणि त्यांची किंमत

या अडचणींमुळे शास्त्रज्ञ हात बांधून बसलेले नाहीत. त्यांनी योजलेले उपाय हा या विषयातील सर्वांत सुंदर भाग आहे. म्हणूनच तो वगळणारे लेख वाचून वाईट वाटते.

सर्वांत साधा उपाय म्हणजे गाठ जेथे जेथे जाते ती सारी जागा लक्ष्य मानणे. त्यासाठी एकच छायाचित्र न घेता श्वासाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर सीटी चित्रे घेतात आणि त्यांची जणू चित्रफीत तयार करतात. याची किंमत उघड आहे. लक्ष्य मोठे झाले की त्यात निरोगी भागही मोठा येतो, आणि प्रोटॉनचा जो लाभ हवा होता त्यातील काही भाग परत द्यावा लागतो. शिवाय सीटी चित्रावरून प्रोटॉनची खोली काढण्यातच काही टक्क्यांची अनिश्चितता असते. अनेक केंद्रे त्यासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा अंतर धरतात. १५ सेंटिमीटर खोलीवर हेच पाच मिलिमीटर होतात. गाठ अजिबात हलत नसली तरी हे धरावेच लागते.

दुसरा उपाय श्वास रोखण्याचा. रुग्णाने श्वास घेऊन काही सेकंद थांबायचे आणि तेवढ्यात मारा करायचा. किंवा पोटावर पट्टा आवळून श्वासपटलाची हालचाल कमी करायची. जो धडधाकट आहे त्याला हे जमते. पण फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाला पुष्कळदा आधीच धाप लागत असते.

तिसरा उपाय दार उघडण्या-मिटण्याचा. श्वास सोडून झाल्यावर गाठ क्षणभर जवळजवळ स्थिर असते. झोत तेवढ्याच वेळात सुरू ठेवायचा आणि बाकी वेळ बंद करायचा. जपानमध्ये चिबा येथील केंद्रात १९९४ पासून कार्बन आयनांनी उपचार होऊ लागले, आणि श्वासाशी जुळवून झोत सोडण्याची पद्धत तेथे त्याच दशकात आली. पण गाठ स्थिर झाली हे ओळखायचे कसे? बहुतेक ठिकाणी छातीवरील किंवा पोटावरील खूण कॅमेऱ्याने पाहतात आणि त्यावरून आतील गाठीचा अंदाज करतात. पाण्यातील प्रतिबिंब ते हेच. पोट वर आले म्हणजे गाठ ठरल्या जागी आली, हे बहुधा खरे असते, नेहमी नसते. त्यांच्या हालचालींत थोडे अंतर पडू शकते आणि आजचे अंतर उद्या वेगळे असू शकते. यावर जपानमधील होक्काइदो विद्यापीठात हिरोकी शिराटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाठीजवळ सुमारे २ मिलिमीटरची सोन्याची गोळी रोवून ती क्ष-किरणांच्या चित्रफितीत सेकंदाला ३० पर्यंत चित्रे घेऊन पाहण्याची युक्ती काढली. गोळी ठरल्या जागी आली तरच झोत सुटतो. आधी क्ष-किरणांच्या उपचारात वापरलेली ही पद्धत २०१४ मध्ये तेथे प्रोटॉन यंत्राला जोडली गेली. येथे अर्जुनाने पाण्यातून मान वर करून थेट माशाकडे पाहिले, असे म्हणता येईल. त्याचीही किंमत आहे. गोळी शरीरात रोवावी लागते, पाहण्यासाठी क्ष-किरणांची जादा मात्रा द्यावी लागते आणि दर बैठकीला वेळ अधिक लागतो.

चौथा उपाय तिफण पुन्हा पुन्हा फिरवण्याचा. पूर्ण मात्रा एकाच फेरीत न देता तीच रेघ कमी मात्रेने पाच-सात वेळा गिरवायची. प्रत्येक वेळी पट्टे वेगळ्या जागी पडतात आणि बेरीज पुष्कळशी सारखी होते. उपचार २५-३० बैठकांत विभागलेला असेल, तर त्यानेही अशीच सरासरी साधते. बैठकांची संख्या कमी करून दर वेळी मोठी मात्रा देण्याचा कल आता वाढला आहे. त्यात हा आधार कमी होतो, हेही लक्षात घ्यावयास हवे.

पाचवा उपाय गाठीच्या मागे झोत नेण्याचा. जर्मनीत डार्मश्टाट येथील संशोधन केंद्राने प्रयोगशाळेत हे करून दाखवले. चुंबकांनी झोत बाजूला वळवायचा आणि वाटेतील पाचरी मागे-पुढे करून खोली बदलायची. कल्पना आकर्षक आहे, परंतु कणांच्या झोताबाबत ती नित्य उपचारात आलेली नाही. गंमत अशी की क्ष-किरणांच्या काही यंत्रांत गाठीचा पाठलाग करणारा किरण पूर्वीपासून रुग्णांवर वापरला जातो. त्यांना फक्त बाजूची हालचाल सांभाळायची असते, खोलीचा काटेकोर हिशेब नसतो. ज्याला आपण बोथट शस्त्र समजतो, त्याला हलते लक्ष्य अधिक सोपे जाते.

हालचाल केवळ श्वासाची नसते, हेही येथे नोंदवू. सहा-सात आठवड्यांच्या उपचारात गाठ आकसते आणि रुग्णाचे वजन घटते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात गिळणे अवघड झाल्याने गाल आणि मान बारीक होतात. कातडीपासून गाठीपर्यंतचे अंतर काही मिलिमीटरांनी बदलले, की पहिल्या दिवशीचा हिशेब चौथ्या आठवड्यात चुकू लागतो. मग पुन्हा सीटी घ्यायची आणि पुन्हा योजना आखायची. मुखवट्यात अगदी स्थिर झोपलेला रुग्णही या अर्थाने हलतच असतो.

पुराव्याची कसोटी

सर्व उपाय जमेस धरल्यावर हलत्या गाठीत प्रोटॉन क्ष-किरणांपेक्षा सरस ठरतात काय? याचे उत्तर आलेखावरून मिळत नाही. त्यासाठी रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १४९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. एका गटाला प्रोटॉन आणि दुसऱ्याला आधुनिक पद्धतीने आकार दिलेले क्ष-किरण. फुप्फुसाला होणारा दाह आणि गाठीचे त्याच जागी पुन्हा वाढणे, या दोन्ही बाबतींत प्रोटॉन सरस ठरले नाहीत. हृदयाला मात्र त्यांनी कमी मात्रा दिली. त्या चाचणीत प्रोटॉन पसरवण्याची जुनी रीत वापरली होती, हेही सांगणे न्याय्य होईल. २०२० मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगावरील अशाच चाचणीत प्रोटॉनच्या गटात दुष्परिणामांचा एकूण बोजा लक्षणीय कमी आढळला, पण रोग पुन्हा न वाढता काढलेला काळ दोन्ही गटांत सारखाच होता.

यावरून प्रोटॉन निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. अवयव कोणता, यंत्र कोणते, हालचाल किती आणि ती सांभाळण्याची सोय कोणती, यावर उत्तर बदलते, एवढाच त्याचा अर्थ आहे. असा अर्थ लावायला वाचकाला शिकवणे हेच विज्ञानप्रसाराचे काम. 'नवे म्हणून श्रेष्ठ' हे सांगायला विज्ञान मासिकाची गरज नाही, ते जाहिरातही सांगते.

देवळीहून पाहताना

हा वाद मुंबई-चेन्नईच्या तज्ज्ञांचा आहे, देवळीच्या शिक्षकाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आम्हांला उलट वाटते. देवळीसारख्या गावात घरी मोठा आजार निघाला की ओळखीच्या शिक्षकाला विचारायची रीत अजून आहे. "सर, मुंबईले नवी मशीन आली म्हणते, बाबाले तिकडं न्यावं काय?" हा प्रश्न ज्याला विचारला जाईल, त्याच्या हाती केवळ शिखराचा आलेख असेल तर तो काय सांगेल? आणि त्याच्या उत्तरावर पुढे काय काय अवलंबून असेल? मुंबई येथून साडेसातशे किलोमीटर. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. घरातली दोन माणसे तेवढे दिवस तेथे राहणार, हंगामाची कामे अडणार, पैसा उभा करावा लागणार. नंबर लागेपर्यंत थांबावे लागले तर गाठ काही थांबत नाही.

देवळीहून वर्ध्याला जाताना वाटेतच सावंगी (मेघे) येथे आणि वर्ध्याच्या पलीकडे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किरणोपचाराची सोय आहे. नागपूर फार दूर नाही. खर्रा आणि तंबाखूमुळे आमच्या भागात तोंडाचे कर्करोग पुष्कळ दिसतात. स्त्रियांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. यांतील बहुसंख्य रुग्णांना वेळेवर, अखंड आणि चांगल्या देखरेखीखाली दिलेला जवळचा उपचार कितीतरी मोलाचा असतो. अर्ध्यात सोडलेल्या दूरच्या प्रोटॉनपेक्षा पूर्ण केलेला जवळचा क्ष-किरण बरा, हे समजायला भौतिकशास्त्र लागत नाही. परंतु आपण दुय्यम उपचारावर समाधान मानतो आहोत, ही खंत घरच्यांच्या मनात अचूकपणाच्या अर्ध्या चित्राने उगीच पेरली जाते. उलट, एखाद्या लहान मुलाच्या मेंदूतील गाठीसाठी खारघरला पाठवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला, तर 'मशीन मशीन सारखीच' म्हणून तो टाळणेही तितकेच चुकीचे ठरेल. दोन्हींतील फरक कळण्यासाठी गोष्ट पुरी सांगावी लागते.

म्हणून प्रोटॉनवर लिहिणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने निदान चार प्रश्नांना जागा द्यावी असे आम्ही सुचवतो. गाठ कोणत्या अवयवात आहे आणि ती किती हलते? हालचाल मोजण्याची व सांभाळण्याची कोणती पद्धत त्या केंद्रात आहे? उपचार चालू असताना पुन्हा चित्रे घेऊन योजना सुधारतात काय? आणि या आजारात तुलना करून मिळालेला पुरावा काय सांगतो? हेच प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारले तर डॉक्टर रागावणार नाहीत. चांगला डॉक्टर ते स्वतःलाही विचारतच असतो.

वर्गात करण्याजोगे

वरचा तिसरा घोटाळा पाहण्यासाठी सायक्लोट्रॉनची गरज नाही. एक कोरा कागद, एक जाड स्केचपेन आणि दोन विद्यार्थी पुरेत. कागदावर तळहाताएवढा चौकोन आखावा. एका विद्यार्थ्याने चौकोनाच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत समान अंतरावर आडव्या रेघा मारीत जावे, प्रत्येक रेघेला एक सेकंद. त्याने कागदाकडे न पाहता, शेजारी ठेवलेल्या पट्टीवरील खुणा पाहून हात खाली न्यावा. दुसऱ्याने तेवढ्यात कागद आपल्या श्वासाच्या तालावर वर-खाली सरकवावा, साधारण दोन सेंटिमीटर. रेघा कोठे गर्दी करतात आणि कोठे मोकळा पट्टा राहतो ते मोजावे. मग नव्या कागदावर फिक्या पेन्सिलीने हेच पाच वेळा गिरवावे. चौकोन अधिक सारखा भरतो काय? आता एक खोच. पाचही वेळा पहिली रेघ आणि श्वासाची सुरुवात मुद्दाम एकाच क्षणी करावी. पट्टे पुन्हा त्याच जागी मोकळे राहतील. नुसते पुनःपुन्हा गिरवून भागत नाही, श्वासाचा ताल आणि गिरवण्याचा ताल जुळता कामा नये, हे विद्यार्थी स्वतःच शोधून काढतील. खऱ्या केंद्रांतील भौतिकशास्त्रज्ञांनाही हीच काळजी घ्यावी लागते.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून खोलीचे गणितही करून घ्यावे. घनता चतुर्थांशाऐवजी तृतीयांश धरली तर ४ सेंटिमीटरांचे किती होतील? गाठीऐवजी बरगडी वाटेत आली तर चूक कोणत्या दिशेची? ही गणिते फळ्यावर सुटली की मग ब्रॅग शिखराची आकृती काढावी आणि तिच्याखाली एक ओळ लिहावी : ही आकृती स्थिर पाण्याची आहे. खारघरच्या यंत्राचा तक्ता पुढील विज्ञान प्रदर्शनात कोणी लावणार असेल, तर त्यावरही ही ओळ असू द्यावी. यंत्राची शान तिने कमी होणार नाही, आणि तक्ता पाहून घरी जाणाऱ्या मुलाच्या हाती प्रश्न विचारण्यापुरते तरी काही राहील.